शिया-सुन्नी वैर आणि पाश्चिमात्य धोरण: आधी राज्य पाहा, मग पंथ

प्रश्न असा आहे: शिया आणि सुन्नी यांचे भांडण चौदाशे वर्षांपासून चालू आहे आणि ते मिटणारे नाही. मग अमेरिका आणि युरोपने त्यातली एक बाजू घट्ट धरावी, की या प्रदेशातून सरळ अंग काढून घ्यावे?

पश्चिम आशियाच्या राजकारणाचा अभ्यास हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि या विषयावर हाच प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. विद्यार्थी विचारतात, पत्रकार विचारतात, धोरण ठरवणारेही विचारतात. २०१६ च्या जानेवारीत बराक ओबामा यांनी अमेरिकी काँग्रेसपुढच्या भाषणात सांगितले की पश्चिम आशियातल्या आजच्या उलथापालथीची मुळे हजारो वर्षे जुन्या संघर्षांत आहेत. ओबामा अभ्यासू होते, तरी हे वाक्य त्यांच्या भाषणात आले, कारण ते सोयीचे आहे. भांडण इतके जुने असेल तर आपल्या हातून काय घडले ते तपासायची गरज उरत नाही.

माझे म्हणणे आधी सांगतो, मग कारणे देतो. पंथभेद खरा आहे, त्यामागची श्रद्धा आणि दुःख खरे आहे. पण त्याचे शस्त्र होते ते राज्यव्यवस्था मोडल्यावर, जेव्हा जीव वाचवायला आणि नोकरी मिळवायला माणसाकडे पंथाखेरीज दुसरा आधार राहत नाही. इराकमध्ये अमेरिकेने आधी ती व्यवस्था मोडली आणि मग पंथांच्या वाट्यांवर नवी उभी केली. कोणाची बाजू घ्यायची हा प्रश्न त्यानंतरचा.

इतिहास थोडक्यात. इ.स. ६३२ मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर नेतृत्व कोणाकडे जावे यावरून मतभेद झाला. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसैन मारले गेले आणि शिया श्रद्धेला तिचे केंद्र मिळाले. इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण आजचा शिया-सुन्नी नकाशा त्या काळी ठरलेला नाही. इराण बहुतांशी सुन्नी होता. १५०१ मध्ये सफवी शाह इस्माईलने शिया पंथाला राजाश्रय दिला आणि पुढच्या काही पिढ्यांत देश बदलला. दक्षिण इराकमधल्या अरब टोळ्या मोठ्या प्रमाणावर शिया झाल्या त्या तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, भटकंती सोडून शेतीला लागल्यावर. त्यात भारताचाही हात आहे. इराकमधल्या नजफ या शिया तीर्थक्षेत्राला पाण्याची ददात होती. अवधचा नवाब आसफुद्दौला याच्या दरबारातून आलेल्या पैशातून युफ्रेटिसवर कालवा खोदला गेला, तो १८०३ च्या सुमारास पुरा झाला आणि आजही हिंदिया या नावाने ओळखला जातो. पाणी आले, शेती वाढली, यात्रेकरू वाढले, आणि नजफ-करबलाच्या धर्मगुरूंचे वजन आसपासच्या टोळ्यांत वाढले. पुढे अवधच्या नवाबाने ईस्ट इंडिया कंपनीला दिलेल्या कर्जाच्या व्याजातून या शहरांतल्या मुजतहिदांना, म्हणजे ज्येष्ठ शिया धर्मशास्त्रज्ञांना, ब्रिटिश अधिकाऱ्यांमार्फत रक्कम पोचू लागली. त्या पैशाच्या जोरावर धर्मगुरू आपल्याकडे वळतील अशी ब्रिटिशांची अपेक्षा होती. १९२० मध्ये इराक त्यांच्याविरुद्ध पेटला तेव्हा याच शहरांतले धर्मगुरू उठावाच्या अग्रभागी होते आणि बगदादच्या मशिदींत शिया-सुन्नी एकत्र जमत होते.

उठाव मोडून काढल्यावर १९२१ मध्ये ब्रिटिशांनी हिजाझच्या फैसलला गादीवर बसवले. सैन्य आणि प्रशासन ऑटोमन काळात तयार झालेल्या सुन्नी अधिकाऱ्यांच्या हाती राहिले. शिया बहुसंख्य असलेल्या देशात सत्ता मुख्यतः सुन्नी वर्गाकडे, ही घडी तिथे बसली. त्यात धर्मशास्त्राचा संबंध नव्हता. कमी खर्चात राज्य चालवायचे होते आणि हे अधिकारी हाताशी होते.

पंथ हीच निष्ठा असती तर गेल्या शतकातल्या कित्येक घटना घडल्याच नसत्या. १९६२ मध्ये उत्तर येमेनमध्ये झैदी शिया इमामाची गादी गेली तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले ते सौदी राजघराणे. समोर होते सुन्नी इजिप्तचे सैन्य. राजेशाही वाचवायची होती, कारण एक गादी पडली की शेजारचीही हलते. १९७० च्या दशकात आखाताच्या सुरक्षेसाठी अमेरिकेने शिया इराणचा शाह आणि सुन्नी सौदी अरेबिया या दोन खांबांवर भिस्त ठेवली आणि पंथभेद कोणाच्या आड आला नाही. १९८० ते १९८८ च्या युद्धात सद्दाम हुसेनच्या पायदळातले बहुसंख्य जवान शिया होते आणि ते इराणी शियांशी लढले. इराणच्या खुझेस्तान प्रांतातले अरब उठून आपल्याला येऊन मिळतील ही सद्दामची आशाही फोल ठरली. आजही शियाबहुल अझरबैजानची इस्रायलशी जवळीक आहे, इराणचे ख्रिस्ती आर्मेनियाशी चांगले जमते आणि सुन्नी हमासला इराणच मदत करत आला आहे. जून २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी केली ती सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने, म्हणजे सुन्नी राजवटींनी. कतारच्या विमानांना आकाश खुले ठेवले इराणने.

आता २००३. यावर जास्त वेळ देतो, कारण पाश्चिमात्य धोरणाचे बहुतेक धडे इथेच आहेत.

सद्दामचे इराक क्रूर होते आणि शियांवर त्याने केलेले अत्याचार भयंकर होते. १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी इराकी जनतेला सद्दामविरुद्ध सूत्रे हाती घ्यायला सांगितले, दक्षिणेतले शिया उठले, आणि अमेरिकेने सद्दामला हेलिकॉप्टर उडवू दिली. त्या हेलिकॉप्टरमधून उठाव चिरडला गेला. नजफ आणि बसरा ही गोष्ट विसरलेले नाहीत. तरीही त्या इराकमध्ये शम्मर आणि जुबूर यांसारख्या टोळ्यांत शिया आणि सुन्नी दोन्ही शाखा होत्या, बगदादमध्ये मिश्र विवाह सर्रास होत आणि शेजाऱ्याचा पंथ विचारणे असभ्य समजले जाई.

१६ मे २००३ रोजी अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरिष्ठ सदस्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा हुकूम काढला आणि २३ मे रोजी सैन्य बरखास्त केले. बाथचे सदस्यत्व घेतल्याशिवाय शिक्षकाचीही बढती होत नसे. त्यामुळे पहिल्या हुकुमाने हजारो शिक्षक घरी बसले. दुसऱ्याने काही लाख सशस्त्र, प्रशिक्षित माणसे पगाराविना रस्त्यावर आली. हे दोन हुकूम कुप्रसिद्धच आहेत. माझ्या मते त्यांच्याइतकाच दूरगामी निर्णय जुलैमध्ये झाला आणि त्याची चर्चा फार कमी होते. २५ जणांची शासकीय परिषद नेमली गेली, ती अशी: १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमान, १ ख्रिस्ती. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस हमीद माजिद मूसा यांची जागाही शियांच्या कोट्यात मोजली गेली. ज्या माणसाने आयुष्यभर वर्गाचे राजकारण केले त्याला नव्या इराकमध्ये पहिली ओळख मिळाली ती पंथाची.

निर्वासित विरोधी पक्ष १९९० च्या दशकापासून आपापसांत अशी वाटणी करत आले होते, त्यामुळे ही कल्पना सर्वस्वी अमेरिकी नव्हती. पण परदेशातल्या बैठकांमधली वाटणी देशाची राज्यपद्धत झाली ती अमेरिकेच्या हातून. इराकी लोक तिला मुहासासा म्हणतात. राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, संसदेचा सभापती सुन्नी हा संकेत तिच्यातूनच आला. मंत्रालये पक्षांना वाटली जातात आणि ज्याच्याकडे मंत्रालय त्याच्याकडे नोकऱ्या आणि कंत्राटे. तरुणाला वीज खात्यात चिकटायचे असेल तर आपल्या पंथाच्या पक्षाची चिठ्ठी लागते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या वादापेक्षा या चिठ्ठीने इराकी समाज जास्त दुभंगला, असे मला मनापासून वाटते.

याच काळात अमेरिकेला एक माणूस अजिबात कळला नाही: नजफचे सर्वांत वजनदार शिया धर्मगुरू आयातुल्ला अली सिस्तानी. वॉशिंग्टनमध्ये दोन टोकांचे अंदाज होते. शिया धर्मगुरू म्हणजे तेहरानचा माणूस, किंवा सद्दामच्या तावडीतून सुटलेला म्हणून आपला ऋणी. सिस्तानी दोन्ही नव्हते. धर्मशास्त्रज्ञाने थेट राज्य चालवावे हा इराणी क्रांतीचे नेते खोमेनी यांचा सिद्धांत नजफच्या परंपरेने त्या रूपात कधी स्वीकारला नाही. आणि ब्रेमर यांना सिस्तानी एकदाही भेटले नाहीत. जून २००३ मध्ये त्यांनी फतवा काढला की राज्यघटना लिहिणारे लोक निवडून आलेले असले पाहिजेत. अमेरिकेने नोव्हेंबरमध्ये निवडक मेळाव्यांतून सभागृह बनवण्याची योजना पुढे केली, तेव्हा जानेवारी २००४ मध्ये बसरा आणि बगदादच्या रस्त्यांवर हजारो लोक मतदानाचा हक्क मागत उतरले. लोकशाही आणायला आलेल्या देशाकडे एक वयोवृद्ध धर्मगुरू निवडणूक मागत होता आणि तो देश टाळाटाळ करत होता. अखेर संयुक्त राष्ट्रांचे लखदर ब्राहिमी मध्यस्थीला आले आणि जानेवारी २००५ मध्ये निवडणूक झाली. सुन्नी भागांनी तिच्यावर जवळजवळ बहिष्कार टाकला, राज्यघटना त्यांच्या पुरेशा सहभागाविना आकाराला आली आणि दरी रुंदावली.

मग धर्माचे काहीच महत्त्व नाही का, असे कोणी विचारेल. आहे, आणि ते ज्यांना नेमके कळले त्यांनी त्याचा भयानक वापर केला. इराकमधल्या सुन्नी जिहादी गटाचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी याचे २००४ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या हाती लागलेले पत्र वाचा. शियांवर हल्ले करून त्यांना सूड घ्यायला भाग पाडायचे, म्हणजे भेदरलेले सुन्नी आपल्या आश्रयाला येतील, हा त्यातला थंड डोक्याने मांडलेला डाव आहे. २२ फेब्रुवारी २००६ रोजी समारा येथील शियांच्या अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट उडवला गेला आणि डाव साधला. शिया मिलिशिया पोलिसांच्या गणवेशात घरोघर जाऊ लागल्या, बगदादचे मिश्र मोहल्ले रिकामे झाले आणि शहरात काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. मात्र झरकावीला हे इतके प्रयत्नपूर्वक घडवावे लागले, याचाच अर्थ ते आपोआप घडत नव्हते. समारा सुन्नीबहुल शहर आहे आणि शियांचा तो दर्गा तिथे शतकानुशतके सुखरूप होता.

पुढची चूक वेगळ्या प्रकारची होती. २००७ मध्ये पश्चिम इराकमधल्या अन्बार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अमेरिकेच्या साथीने अल-कायदाविरुद्ध लढल्या. त्यांच्या तरुणांना सैन्य-पोलिसांत घेण्याचे वचन होते. पंतप्रधान नुरी अल-मालिकी यांनी ते फार थोड्या प्रमाणात पाळले. २०१० च्या निवडणुकीत शिया-सुन्नी दोघांची मते घेऊन अयाद अल्लावी यांच्या आघाडीने ९१ जागा मिळवल्या, मालिकींना ८९ मिळाल्या. पंथापलीकडचे राजकारण मतपेटीतून उभे राहत होते. अमेरिकेला सैन्य मागे घेण्याची घाई होती, तिने ओळखीच्या मालिकींचा मार्ग मोकळा होऊ दिला. इराणलाही तेच हवे होते. डिसेंबर २०११ मध्ये शेवटचे अमेरिकी सैनिक बाहेर पडले आणि त्याच सुमारास सुन्नी उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल-हाशिमी यांच्यावर अटक वॉरंट निघाले. १० जून २०१४ रोजी मोसूल आयसिसच्या हाती पडले. त्या संघटनेची बांधणी करणाऱ्यांत हाजी बक्र या नावाने ओळखला जाणारा, सद्दामच्या काळातला माजी कर्नल होता. बरखास्त केलेले सैन्य दहा वर्षांनी दाढी वाढवून परत आले होते. त्याच मोसूलमध्ये आपले ३९ भारतीय कामगार मारले गेले. त्यांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता.

मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो तो बसराचा. शहर शिया, सत्ता शिया पक्षांची, पायाखाली इराकचे बहुतांश तेल. २०१८ च्या उन्हाळ्यात तिथे दूषित पाण्यामुळे एक लाखाहून अधिक लोक रुग्णालयात पोचले. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बगदादपासून बसरापर्यंत तरुण रस्त्यावर उतरले, बहुतेक शियाच. त्यांची घोषणा होती: आम्हाला देश हवा. शिया पक्षांच्या कचेऱ्या पेटल्या, नोव्हेंबरमध्ये खुद्द नजफमध्ये इराणचा वाणिज्य दूतावास जाळला गेला. शेकडो तरुण गोळ्यांना बळी पडले. सिस्तानींच्या शुक्रवारच्या संदेशानंतर पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांनी राजीनामा जाहीर केला. शिया जनता इराणची आणि सुन्नी जनता सौदीची, या नकाशावर धोरण आखणाऱ्यांकडे या मुलांना ठेवायला रकानाच नव्हता. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेने बगदादमध्ये इराणचे जनरल कासिम सुलेमानी यांना मारले आणि चर्चा पुन्हा अमेरिका-इराणवर गेली. त्या मुलांच्या मागण्या बाजूला पडल्या.

बहरीनबद्दल थोडेच सांगतो. २०११ मध्ये तिथल्या शियाबहुल जनतेने राजकीय हक्क मागितले, सौदी सैन्य पूल ओलांडून आले, आणि पाचव्या आरमाराचा तळ तिथे असलेल्या अमेरिकेचा आवाज बसला. इराणचा कट असल्याचे सांगण्यात आले. राजानेच नेमलेल्या बसिऊनी आयोगाला सादर झालेल्या पुराव्यांत त्या घटनांशी इराणचा स्पष्ट संबंध दिसला नाही.

येमेनची किंमत जास्त मोठी होती. हुथी ही तिथली सशस्त्र चळवळ झैदी शियांची आहे, आणि झैदी परंपरा सुन्नी शाफींच्या इतकी जवळची की दोघे एकाच मशिदीत नमाज पढत आले. २००४ ते २०१० या काळात त्यांच्याशी सहा लढाया लढणारे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह स्वतः झैदी होते. भांडण उत्तरेतल्या सादा प्रांताच्या उपेक्षेचे आणि सत्तेचे होते. सप्टेंबर २०१४ मध्ये हुथींनी राजधानी सना घेतली, मार्च २०१५ मध्ये सौदी आघाडीने बॉम्बफेक सुरू केली, आणि अमेरिका-ब्रिटनने शस्त्रे दिली; नोव्हेंबर २०१८ पर्यंत अमेरिका आघाडीच्या विमानांना आकाशात इंधनही भरून देत होती. समर्थन एकच: हुथी म्हणजे इराणचे प्यादे. सुरुवातीला ते अर्धसत्य होते. युद्ध लांबले तसा इराणकडून येणाऱ्या क्षेपणास्त्रांचा आणि तंत्रज्ञानाचा ओघ वाढला आणि ते खरे होत गेले. नोव्हेंबर २०२३ पासून तीच क्षेपणास्त्रे तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर पडू लागली. न्हावा-शेव्याहून युरोपला निघालेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालू लागले, आणि नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना ऐन हंगामात वाढीव भाडे आणि दोनेक आठवड्यांचा उशीर सोसावा लागला.

सौदी-इराण स्पर्धेकडेही दोन राज्यांची स्पर्धा म्हणूनच पाहावे. जानेवारी २०१६ मध्ये शिया धर्मगुरू निम्र अल-निम्र यांना सौदीने मृत्युदंड दिला, तेहरानमधल्या सौदी दूतावासावर जमाव चालून गेला, संबंध तुटले. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीतल्या अबकैकच्या तेल प्रकल्पावर हल्ला झाला आणि अमेरिकेने लष्करी उत्तर दिले नाही. आपल्यासाठी कोणी लढणार नाही हे कळल्यावर रियाधने बोलणी सुरू केली, आधी बगदाद आणि ओमानच्या मध्यस्थीने, आणि १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये करार झाला. जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा सौदी अरेबियाने त्याचा जाहीर निषेध केला. चीनला श्रेय मिळाले म्हणून वॉशिंग्टनमध्ये काहींना हा पराभव वाटला. मला तो पाश्चिमात्य देशांचा फायदा वाटतो: आखातात शांतता राहिली तर त्यांच्या आरमाराचा भार हलका होतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. एक बाजू घट्ट धरू नये, कारण बाजू धरणाऱ्याला ती बाजू आपल्या घरगुती भांडणांत ओढते. बहरीन आणि येमेनमध्ये हेच झाले. अंगही काढू नये, कारण तेल, जहाजे आणि निर्वासित हे तिन्ही थेट युरोपच्या दारात येतात. मधली वाट कष्टाची आहे. एखादा राज्यकर्ता आपल्या विरोधकांना इराणचे हस्तक म्हणतो तेव्हा शस्त्रे देण्याआधी स्वतंत्र तपास करावा. नजफशी आदराने, मागणी न करता संपर्क ठेवावा. मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस सिस्तानींच्या साध्या घरी गेले, त्या भेटीचा परिणाम बऱ्याच लष्करी मोहिमांपेक्षा चांगला झाला. मदतीचा पैसा पक्षाच्या मंत्रालयातून न देता पाणी-वीज यांसारख्या कामांवर, लेखापरीक्षणासह, दोन्ही पंथांच्या प्रांतांत खर्च व्हावा. आणि कोणत्याही देशाची राज्यघटना लिहायला मदत करताना पंथांचे कोटे सुचवू नयेत, कितीही न्याय्य दिसले तरी.

याची कसोटी सध्या सीरियात लागते आहे. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळली आणि दमास्कसमध्ये सुन्नी इस्लामी पार्श्वभूमीचे सरकार आले. मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर असदच्याच अलवी पंथाच्या शेकडो नागरिकांच्या हत्या झाल्या, जुलैमध्ये दक्षिणेतल्या सुवैदात द्रुझ या अल्पसंख्य पंथावर तीच वेळ आली. मे महिन्यात ट्रम्प यांनी रियाधमध्ये निर्बंध उठवण्याची घोषणा केली होती, आणि ती योग्य होती. उपाशी देशात मिलिशियाच पोट भरते. पण मंत्रिमंडळात एक अलवी, एक द्रुझ, एक ख्रिस्ती चेहरा पाहून युरोपीय राजधान्यांनी समाधान मानले तर बगदादची २००३ ची यादीच पुन्हा लिहिली जाईल. दमास्कसकडे मागायचे ते हे: किनारपट्टीवर गोळ्या झाडणाऱ्यांवर खुले खटले, सर्व सशस्त्र गट एका हुकुमाखाली, आणि लताकियातल्या अलवी शिपायाला इदलिबच्या सुन्नी शिपायाइतकाच, त्याच खिडकीवर मिळणारा पगार.